दुसरी प्रत दांडिया बाजारात

हार्ड डिस्कला श्वास घ्यायला एक छिद्र असतं, हे मला वयाच्या बावन्नाव्या वर्षी कळलं. बडोद्याच्या रावपुऱ्यातल्या एका रिपेअरवाल्याने तिचं प्लास्टिकचं कवच उकललं, आतली तळहाताएवढी चपटी डबी दिव्याखाली धरली आणि लेबलावरची बारीक इंग्रजी अक्षरं मला वाचायला लावली. हे छिद्र झाकू नका, असं तिथे लिहिलं होतं. छिद्र टाचणीच्या डोक्याएवढं. आतल्या आणि बाहेरच्या हवेचा दाब सारखा राहावा म्हणून ते ठेवतात आणि धूळ जाऊ नये म्हणून आतून गाळणी लावतात. ती गाळणी धुळीसाठी असते, पुराच्या पाण्यासाठी नसते. छिद्राच्या कडेने विश्वामित्री नदीचा गाळ वाळून बसला होता, हातावर सुकलेल्या मेंदीसारखा.

२०२४च्या ऑगस्टमधली गोष्ट. जन्माष्टमीच्या सुमाराला लागलेला पाऊस थांबायचं नाव घेईना. बडोद्यात विश्वामित्रीची धोक्याची पातळी २५ फूट धरतात. त्या आठवड्यात नदी ३५ फुटांच्याही वर गेली. आमचं घर कारेलीबागेत, तळमजल्यावर. मध्यरात्री पाणी पायरी चढून आत आलं तेव्हा गॅसचं सिलिंडर, पिठामिठाचे डबे, सासूबाईंची औषधं आणि कागदपत्रांची पिशवी एवढं उचलून आम्ही वरच्या शेजाऱ्यांकडे गेलो. मग दोन दिवस खाली उतरता आलं नाही. लाइट नव्हती, आणि पाण्याबरोबर वस्त्यांमध्ये मगरी आल्या होत्या, त्यामुळे कुणी उतरूही देत नव्हतं. मी जिन्यात बसून खालच्या काळ्या पाण्याकडे बघत होते आणि एवढंच मोजत होते की कपाटाचा खालचा खण जमिनीपासून किती वर आहे.

एक वीत.

त्या खणात बाबांचे अल्बम होते. बाबा प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपात होते, पण संध्याकाळचे ते कॅमेऱ्याचे. दांडिया बाजारातल्या गणपतीच्या मिरवणुका, सुरसागरची पाळ, आमच्या वाड्यातली मुंज, अंगणात पापड वाळवणाऱ्या बायका. घरातल्या माणसांना समोर उभं करून त्यांनी फार फोटो काढले नाहीत. माणूस कामात असताना काढायचे. म्हणून त्या फोटोंत आजीचे हात पिठाचे आहेत आणि आत्याच्या खांद्यावर पंचा आहे. बाबा गेल्यावर मोठ्या भावाने ते सगळे अल्बम माझ्याकडे दिले. म्हणाला, तू जपशील.

पाणी ओसरल्यावर अल्बमांच्या विटा झाल्या होत्या. फोटोच्या कागदावर जिलेटिनचा थर असतो. तो पाणी पिऊन फुगतो, चिकट होतो आणि समोरच्या फोटोला धरून बसतो. तसाच वाळला तर दोन्ही फोटो एकमेकांचे चेहरे घेऊनच सुटतात. ते आम्हाला वेळेत कुणीतरी सांगितलं म्हणून बरं. परातीत स्वच्छ पाणी घेऊन मी एकेक पान त्यात बुडवून ठेवायचे, बोटाच्या पेराने कडेकडेने सोडवायचे आणि दोरीवर चिमटे लावून टांगायचे. गच्चीवर सात दिवस फोटो वाळत होते. वाचले ते साधारण निम्मे. आजीचे पिठाचे हात वाचले, चेहऱ्यावरचा थर निघून गेला.

पण मला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. २०१६ साली मी यातले बरेच अल्बम स्कॅन केले होते. चार महिने, रोज रात्री जेवणं झाल्यावर. ते सगळं ५०० जीबीच्या एका हार्ड डिस्कवर घातलं होतं आणि मनाशी म्हटलं होतं, आता बाबांचे फोटो कुठे जात नाहीत. ती हार्ड डिस्क मी ठेवली त्याच कपाटात, त्याच खणात, अल्बमांना खेटून. फोटोंच्या वस्तू एका जागी असाव्यात, एवढाच साधा विचार होता. मूळ आणि नक्कल, दोन्ही एकाच रात्री एकाच पाण्यात गेले.

वर आणखी एक चूक. मी ती डिस्क पंख्याखाली दोन दिवस वाळवली आणि लॅपटॉपला लावून पाहिली. दोनदा लावली. आतून टक टक असा आवाज आला आणि थांबला. भिजलेली डिस्क कधीही चालू करू नये, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. आत आरशासारख्या गुळगुळीत तबकड्या फिरतात आणि वाचणारी सुई, म्हणजे हेड, त्यांच्या वर काही नॅनोमीटर अंतरावर तरंगते. केसाच्या जाडीचे हजारो भाग केले तर त्यातले थोडेसे, इतकंच अंतर. तिथे गाळाचा एक कण म्हणजे नांगराचा फाळ. वाचवायची असेल तर तशीच, न लावता, डेटा काढून देणाऱ्या लॅबमध्ये न्यायची असते. एका लॅबने चाळीस हजार रुपये सांगितले, तेही मिळेलच याची खात्री न देता. त्या महिन्यात आमचा फ्रिज, वॉशिंग मशीन, दोन गाद्या आणि दाराच्या चौकटी गेल्या होत्या. मी ती डिस्क कापडात गुंडाळून परत आणली.

वाचलेले फोटो मला परत स्कॅन करायचे होते, आणि या वेळी ते नीट ठेवायचे होते. हातात होते दहा हजार रुपये.

सयाजीगंजातल्या दुकानदाराने पहिला प्रश्न विचारला, “बेन, केटला टीबीनी जोईए?” किती टीबीची हवी. मी सांगितलं, विचार करून येते. घरी येऊन वहीत हिशेब मांडला, आणि माझं म्हणणं आहे की हा हिशेब प्रत्येकाने दुकानात जाण्याआधी मांडावा. चार बाय सहा इंचाचा फोटो ६०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ६०० ठिपके धरून, काही न दाबता, स्कॅन केला तर साधारण २६ एमबीची फाइल होते. वाचलेले आणि भावाकडून, आत्याकडून मिळणारे धरून तीन हजार फोटो: ७८ जीबी. मुलाच्या लहानपणच्या हँडीकॅमच्या अकरा कॅसेट, तासाच्या एका कॅसेटला १३ जीबी: १४३. आमच्या सगळ्यांच्या फोनमधलं मिळून सव्वाशेच्या आसपास. गोळाबेरीज साडेतीनशे जीबी. म्हणजे मला १ टीबी, म्हणजे हजार जीबी, पुष्कळ झाली. विकत घेतलेली १ टीबी लॅपटॉपवर ९३१ जीबी दिसते, त्यात फसवणूक नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या पटीत. शेर आणि मापटं वेगळं, धान्य तेवढंच.

आता दुकानदाराचा हिशेब ऐका. १ टीबी चार हजार सातशेला, २ टीबी सहा हजार तीनशेला. “दीड हजारमां डबल, बेन.” तो खोटं बोलत नव्हता, जीबीमागे भाव बघितला तर मोठी डिस्क स्वस्तच पडते. पण मला जागा नको होती, मला प्रती हव्या होत्या. मोठ्या एका डिस्कवर माझे फोटो दुप्पट सुरक्षित होत नाहीत. ती पडली की सगळं एकदम पडतं. साध्या दोन घेतल्या आणि दोन घरांत ठेवल्या तर एक गेली तरी दुसरी आहे. चार हजार सातशेच्या दोन, नऊ हजार चारशे. माझ्या बजेटात बसलं. कुणी मला विचारलं की स्वस्तातली हार्ड डिस्क कुठली घ्यावी, तर मी आता हेच सांगते: जेवढी लागते तेवढीच घ्या, आणि दोन घ्या.

कंपनीवरून लोक फार वाद घालतात. जगात फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्क बनवणाऱ्या कंपन्या आता तीनच उरल्या आहेत, सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा. बाकी नाव कुठलंही दिसो, आतली डबी या तिघांपैकी एकीची. तिघींच्याही चांगल्या निघतात, तिघींच्याही बिघडतात. मी फक्त एवढं केलं की दोन डिस्क दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या घेतल्या. एकाच कारखान्यातून एकाच दिवशी निघालेल्या जोडीत एकच दोष असू शकतो, आणि तसं झालं तर दोन घेऊन उपयोग काय.

दुकानदाराने एसएसडीही दाखवली. तीत काही फिरत नाही, पडली तरी सहसा काही होत नाही, वेग कितीतरी जास्त. माझा मुलगा रोज पाठीवर लॅपटॉप घेऊन हिंडतो, त्याने तीच घ्यावी, जास्तीचे पैसे तिथे वसूल होतात. पण माझी डिस्क सहा-सहा महिने कपाटात बसणार होती. एसएसडीत माहिती विजेच्या भाराच्या रूपात धरलेली असते आणि वर्षानुवर्षं वीज न देता ती पडून राहिली तर तो भार हळूहळू झिरपतो. कपाटासाठी मला फिरणारी तबकडीच बरी वाटली, आणि १ टीबी एसएसडीच्या पैशांत माझ्या दोन होत आल्या होत्या.

एक गोष्ट मात्र दुकानात कुणी सांगत नाही, ती मला नंतर समजली आणि फार आवडली. या लहान, स्वस्त डिस्कमध्ये जागा वाचवण्यासाठी माहितीच्या रांगा एकमेकींवर थोड्या चढवून लिहितात, छपरावर कौलं बसवतात तशा. वरच्या कौलाची कड खालच्यावर. कौलं ओळीने रचत गेलात तर काम पटपट होतं. पण मधलंच एक कौल बदलायचं म्हटलं की शेजारची उचलावी लागतात, मग परत बसवावी लागतात. म्हणून या डिस्कवर एकदा लिहून ठेवावं आणि वाचावं. रोज खोडायचं, परत लिहायचं, अशा कामाला त्या मंदावतात. मला फोटो ठेवायचे होते, तेव्हा कौलारू घर चालणार होतं. व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्या माझ्या मैत्रिणीला मी तीच डिस्क घे असं सांगणार नाही.

वेगाच्या बाबतीत लॅपटॉपकडेही बघायला हवं. माझ्या जुन्या लॅपटॉपला तीन पोर्ट, दोनांच्या आत निळी जीभ, म्हणजे वेगवान यूएसबी ३, आणि एकात काळी, म्हणजे जुनं यूएसबी २. काळ्यातून माझे साडेतीनशे जीबी भरायला पावणेतीन तासांच्या पुढे लागले असते, निळ्यातून सव्वा तासात झालं. बारीकसारीक हजारो फाइल असल्या की वेळ वाढतो, मोठ्या फाइल भराभर जातात. मुलाकडे मॅक आहे, म्हणून डिस्क आधी विंडोज आणि मॅक दोन्हींना चालणाऱ्या एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करून घेतली. नाहीतर विंडोजच्या एनटीएफएस डिस्कवरचं मॅकवर दिसतं, पण त्यावर काही लिहिता येत नाही.

आणि भाच्याची गोष्ट सांगायलाच हवी, कारण स्वस्ताच्या शोधात निघालेला माणूस हमखास तिथे पोचतो. त्याने ऑनलाइन १६ टीबीची एसएसडी मागवली, अठराशे रुपयांत. खिशात मावणाऱ्या फिरत्या तबकडीच्या डिस्कही आज पाच-सहा टीबीपर्यंतच येतात. १६ टीबी या भावात मिळूच शकत नाही. लॅपटॉपवर मात्र १६ टीबी दिसली. त्याने बारशाचे सगळे व्हिडिओ तिच्यावर टाकले, फोनमधले पुसले. नावं दिसायची, उघडायचं काही नाही. कवच फोडलं तर आत मेमरी कार्ड चिकटवलेलं. त्याला खोटा आकार सांगायला शिकवलेलं असतं. खरी जागा भरली की ते जुन्यावरच नवीन लिहीत जातं. ती मुलगी आता पहिलीत आहे, तिच्या बारशाचा एकही व्हिडिओ नाही. मला हे लिहितानाही राग येतो. पैशांचं ठीक आहे, पण विकणाऱ्याला ठाऊक असतं की लोक यात आपल्या घरातलं सगळ्यात मोलाचं ठेवणार आहेत.

म्हणून मी बिल घेतलं, बिलावर दोन्ही डिस्कचे सीरियल नंबर लिहून घेतले आणि घरी आल्या आल्या क्रिस्टलडिस्कइन्फो नावाच्या फुकट प्रोग्रॅममध्ये त्या किती तास चालल्या आहेत ते पाहिलं. शून्य. वापरलेली डिस्क नव्या कवचात घालून विकली असती तर तिथे बहुधा हजारो तास दिसले असते. मग एच-टू-टेस्ट-डब्ल्यू नावाच्या दुसऱ्या प्रोग्रॅमने दोन्ही डिस्क काठोकाठ भरून परत वाचून घेतल्या. त्याला एकेक रात्र गेली. तीन वर्षांची वॉरंटी आहे. तिच्यात नवी डिस्क मिळते, फोटो मिळत नाहीत.

स्कॅनिंग दिवाळीपर्यंत चाललं. शेवटचे फोटो आत्याचे होते, म्हणून दांडिया बाजारात तिच्याकडे गेले. ती अजून वाड्यातच राहते, वरच्या मजल्यावर. पंचाऐंशी वर्षांची आहे. अल्बम काढताना तिने देवघराशेजारचं फडताळ उघडलं आणि त्यात लाल कापडातली पोथी होती, आमच्या खापरपणजोबांच्या हातची. लहानपणी ती फक्त चातुर्मासात बाहेर यायची आणि आम्हाला हात लावू देत नसत. मी शेवटचं पान उलटून पाहिलं. जुने लेखनिक पोथी लिहून संपली की पोथीच्याच तोंडून एक विनंती लिहीत: मला तेलापासून जप, पाण्यापासून जप, सैल बांधणीपासून जप आणि मूर्खाच्या हाती देऊ नकोस. तीच विनंती तिथे होती, शाई किंचित फुटलेली.

मी ते पान हातात धरून बराच वेळ बसले. पाणी तर मी पाहूनच आले होते. सैल बांधणी वाचून मला डिस्कची केबल आठवली. त्या चपट्या रुंद टोकाची पकड ढिली झाली की लिहितालिहिता डिस्क सुटते आणि फाइल अर्धवट राहते. मी आता केबलला हिसका बसू देत नाही, आणि ‘सुरक्षित काढा’ म्हटल्याशिवाय ती ओढत नाही.

बडोद्यात वाढलेल्याला प्रतींचं मोल वेगळं सांगायला नको खरं तर. सयाजीरावांच्या राज्यात हस्तलिखितं गावोगाव फिरून गोळा केली गेली आणि १९२७ साली त्यांच्यासाठी प्राच्यविद्या मंदिर उभं राहिलं. तिथल्याच पंडितांनी वाल्मीकि रामायणाची चिकित्सक आवृत्ती तयार केली, १९६० ते १९७५ या काळात ती छापून झाली. नेपाळपासून केरळपर्यंतच्या, वेगवेगळ्या लिप्यांतल्या पोथ्या शेजारी ठेवून त्यांनी श्लोकामागून श्लोक पडताळले. एका पोथीतलं पान कसरीने खाल्लं असेल तर ते दुसऱ्या मुलखातल्या पोथीत मिळायचं. ज्यांनी त्या नकला केल्या त्यांना एकमेकांची नावंही माहीत नसतील. सगळ्या पोथ्या एकाच राजवाड्यात, एकाच पेटीत असत्या तर?

त्या दिवशी दुसरी डिस्क मी आत्याकडे ठेवली. पांढऱ्या पट्टीवर मार्करने तारीख लिहिली, बरोबर सिलिका जेलच्या दोन पुड्या घातल्या. पासवर्ड घातला नाही. हे फोटो कुणापासून लपवायचे नाहीत, आणि मी नसताना कुणाला पासवर्ड आठवला नाही तर तो आणखी एक पूर ठरेल. आत्याने विचारलं, हिला काही लागतं का, ऊन वगैरे? मी म्हटलं, काही नाही, फक्त पडू देऊ नकोस. तिने कपाटातून एक जुना खणाचा तुकडा काढला, डिस्क त्यात गुंडाळली आणि पोथीशेजारी ठेवून दिली.

दर सहा महिन्यांनी मी लॅपटॉप घेऊन जाते. नवीन फोटो भरते, जुन्यांपैकी वीस-पंचवीस कुठलेही उघडून बघते. ठेवलेलं उघडतं की नाही हे उघडल्याशिवाय कळत नाही. मागच्या खेपेला आत्या शेजारी खुर्ची ओढून बसली. पापड वाळवणाऱ्या बायकांचा फोटो आला. तिने चष्मा वर-खाली केला.

“मोठं कर गं. ही डावीकडची पाठमोरी कोण?”

मी मोठं केलं. ६०० डीपीआयचा उपयोग तिथे झाला. वेणीतला गजरा दिसला, हातातल्या बांगड्या मोजता आल्या.

“अगं, ही तर शेजारची काकू. लग्न होऊन सुरतेला गेलेली तिची लेक अजून आहे, दिवाळीला फोन करते.” मग बराच वेळ ती काही बोलली नाही. फोटोवर बोट टेकवून होती. “तिच्याकडे आईचा एकही फोटो नाही. ’६८ च्या पुरात गेले म्हणते सुरतेतले सगळे.”

फोटो मी तिथूनच तिला पाठवला. आत्या म्हणाली, “आणि धाकट्याकडे मुंबईला पण एक डबी ठेव तुझी. इथे आपण सगळे एकाच नदीवर आहोत.”

पुढच्या शनिवारी मी परत सयाजीगंजात गेले. दुकानदाराने या वेळी विचारलं नाही, एक टीबीची काढून समोर ठेवली.